आकाराचा कर्ता कोण?

पर्वत पाटियाच्या गल्ल्यांतून शिलाईयंत्राचा आवाज कानी पडला नाही असा दिवस विरळा. कारागीर इलॅस्टिकची पट्टी ताणून धरतो, तिच्यावर कापड शिवतो, आणि पट्टी सोडताच कापडाला चुण्या पडतात. त्या कोणी आखलेल्या नसतात. किती पडाव्यात आणि केवढ्या, हे कापडाचा ताठरपणा व पट्टीचा ताण हेच ठरवितात. सुरतेतील हे नित्याचे दृश्य पाहिले की आम्हांस डार्सी वेंटवर्थ टॉमसन यांच्या ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ या ग्रंथाची आठवण होते.

हा ग्रंथ १९१७ साली निघाला. १९४२ साली त्याची वाढविलेली आवृत्ती हजारांहून अधिक पृष्ठांची झाली. सजीवाचा आकार म्हणजे त्याच्यावर झालेल्या बलांची नोंद, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. पोळ्यातील षट्कोन, शंखाचे वळण, हाडांतील जाळी या साऱ्यांकडे टॉमसन गणिताच्या नजरेने पाहतात. एका माशाचे चित्र चौकटींच्या जाळ्यावर काढून ते जाळे वाकविले की दुसऱ्या जातीचा मासा दिसू लागतो, हे त्यांचे प्रकरण कोणत्याही रसिकास मोहात पाडील. अशी प्रौढ व प्रसन्न शैली शास्त्रीय ग्रंथांत दुर्मीळच.

परंतु शैलीने दावा शाबीत होत नाही. पाण्यात पडणारा शाईचा थेंब छत्रीमाशासारखा दिसतो हे खरे. पण साम्य हा पुरावा नव्हे. दोन सह्या सारख्या दिसल्या म्हणून त्या एकाच हाताच्या ठरत नाहीत. माशांच्या जाळ्यांतूनही फरक कोठे आहे ते कळते, तो कशाने घडला ते कळत नाही. शिवाय आनुवंशिकता व निसर्गनिवड यांस टॉमसन यांनी फार थोडक्यात वाटेला लावले आहे. महत्त्वाच्या साक्षीदारांस न तपासताच निकाल द्यावा, तसे हे झाले.

तो पुरावा पुढे आला २०११ साली. लांबलचक आतडे गर्भाच्या पोटात नेमक्या वेटोळ्यांनी कसे बसते, हा प्रश्न सॅव्हिन, टॅबिन, महादेवन आदी संशोधकांनी हाती घेतला. आतडे एका पातळ पडद्याला जोडलेले असते आणि पडद्यापेक्षा ते अधिक वेगाने वाढते. कोंबडीच्या गर्भातील आतडे पडद्यापासून सोडविताच ते सरळ झाले व पडदा आखडला. मग त्यांनी ताणलेल्या रबरी पडद्यावर रबराची नळी शिवली. पडदा सोडताच तशीच वेटोळी पडली! उंदरासह इतर प्राण्यांतही हिशेब जुळला. लेखाच्या शीर्षकातच टॉमसन यांच्या ग्रंथाचे नाव गुंफलेले आहे. पर्वत पाटियाचा कारागीर हा निकाल ऐकून मुळीच चकित झाला नसता.

म्हणून आनुवंशिकता निरर्थक ठरते काय? नाही. कोणती ऊती किती वेगाने वाढावी, पेशींनी एकमेकींस किती घट्ट धरावे, हे ठरण्यात जनुकांचा हात आहेच. पण प्रत्येक वेटोळ्याचा नकाशा त्यांत लिहिलेला नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मैत्रेयी नरसिंह फळमाशीच्या गर्भाची पाठ कशी मिटते हे अभ्यासतात, आणि आय.आय.टी.च्या स्थापत्य विभागातील मंदार इनामदार ऊतींच्या बलांचे गणित मांडतात. पुलांचे शास्त्र शिकविणाऱ्या विभागात गर्भाचा विचार व्हावा, हा टॉमसन यांचा खरा विजय होय.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. गर्भाच्या पाठीवरील सपाट पेशीस्तर दुमडून त्याची नळी होते. तिच्यापासूनच मेंदू व मज्जारज्जू घडतात. मानवात ती गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत मिटते, पुष्कळदा आईस दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच. ती कोठे उघडी राहिली तर मूल व्यंग घेऊन जन्मते, आणि घरात आरोपपत्र तयार होते: सुनेने ग्रहणात विळी हाती धरली, नाहीतर तिच्या माहेरच्या रक्तातच खोट आहे. वकिलीच्या व्यवसायात असे आरोप आम्ही ऐकले आहेत. पहिला आरोप निराधार आहे. दुसरा शास्त्राचा वेष घालून येतो; जणू रक्तात तयार नकाशा असतो व तो आईच बिघडविते.

वस्तुतः ती घडण अनेक बलांच्या मेळाने होते आणि तिला बाहेरून साहाय्यही करता येते. पूर्वी असे अपत्य झालेल्या स्त्रियांवरील ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत, गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल दिल्याने पुनरावृत्तीचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटला, हे १९९१ साली प्रसिद्ध झाले. धोका घटला, नाहीसा झाला नाही. म्हणून ही गोळी आईविरुद्धच्या आरोपपत्रातले नवे कलम होता कामा नये.

टॉमसन यांच्या ग्रंथात आईचा उल्लेख शोधावा लागेल. तरीही आकार लिहिलेला नसतो, घडत असतो, हे त्यांनी शिकविले; आणि एवढे ज्यास उमगले, तो कोणत्याही सुनेस आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यापूर्वी थांबेल, अशी आमची आशा आहे.