‘अल्ट्रा 160’ हे एकक नव्हे: वेगाच्या रूपांतर-तक्त्यांबद्दल तक्रार

डेटाच्या वेगाचं रूपांतर करून देणारे तयार तक्ते ढिगाने मिळतात. डावीकडे एक एकक निवडा, उजवीकडे दुसरं, मधला आकडा उचला. बिट प्रतिसेकंद, मेगाबाइट प्रतिसेकंद इथवर ठीक आहे. पण त्याच यादीत खाली ‘स्कझी (असिंक्रोनस)’, ‘आयडीई (पीआयओ मोड 0)’, ‘अल्ट्रा 160’ अशी नावंही एककं म्हणून बसवलेली असतात. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

समृद्धी महामार्गावर सपाट भागात कारसाठी ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणून कोणी ‘माझी गाडी अर्धा समृद्धी वेगाने धावते’ असं म्हणतं का? इंटरफेसचं नाव हीसुद्धा अशीच एक कमाल मर्यादा आहे. ती कुठून येते ते पहा, म्हणजे मुद्दा कळेल. पीआयओ मोड 0 मध्ये एक फेरी 600 नॅनोसेकंदांची, आणि दर फेरीला 16 बिट म्हणजे 2 बाइट जातात. 2 भागिले 600 नॅनोसेकंद केलं की 3.33 मेगाबाइट प्रतिसेकंद येतात. मोड 4 मध्ये फेरी 120 नॅनोसेकंदांवर आली, की 16.7. अल्ट्रा डीएमए 33 मध्ये फेरी तेवढीच, पण एका फेरीत दोनदा डेटा जातो, म्हणून 33.3. एवढं गणित बारावीचा विद्यार्थीही करतो. तक्ते मात्र 3.33 चं आधी 3.3 करतात, मग आठाने गुणून 26.4 मेगाबिट लिहितात आणि त्यावर पुढची सगळी रूपांतरं दशांशानंतर आठ-आठ अंकांपर्यंत देतात. मुळात दोन अंकांचीच खात्री आहे, तर बाकीचे अंक आले कुठून?

आता हे कुठे नडतं ते सांगतो. आयआरएस-1सी हा आपला उपग्रह डिसेंबर 1995 मध्ये गेला. त्याच्या पॅनक्रोमॅटिक कॅमेऱ्याचा डेटा 84.9 मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने खाली यायचा. नागपुरात इस्रोचं प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र आहे, त्यामुळे इथल्या भूगोल-भूगर्भशास्त्राच्या मंडळींना ही चित्रं नवीन नाहीत. समजा हा प्रवाह त्या काळच्या ‘फास्ट स्कझी’वरून सरळ डिस्कवर उतरवायचा आहे. फास्ट स्कझी म्हणजे 10 मेगाबाइट प्रतिसेकंद. तक्ता म्हणेल: 84.9 मेगाबिट म्हणजे 1.06 फास्ट स्कझी. ‘जवळपास एकच’ म्हणून आपण पुढे जातो. पण 84.9 भागिले 8 म्हणजे 10.61. दर सेकंदाला 0.61 मेगाबाइट मागे राहतात आणि दहा मिनिटांच्या एका फेरीत हा अनुशेष सुमारे 368 मेगाबाइट होतो. तेवढी मेमरी मधे नसेल, तर चित्रातल्या ओळी गायब.

बरं, हाही आशावादी हिशोब आहे. या कॅमेऱ्याचा प्रत्येक पिक्सेल 6 बिटांचा होता. सोयीसाठी आपण तो 8 बिटांच्या बाइटमध्ये ठेवला (बहुतेक वेळा ठेवतोच), तर 10.61 चे सुमारे 14.15 मेगाबाइट होतात. बिटांचे बाइट करताना आठाने भागायचं की सहाने, हे डेटा कसा रचलाय त्यावर ठरतं. तक्त्याला ते विचारताच येत नाही.

शिवाय समांतर स्कझीची केबल सामायिक असते. ‘अल्ट्रा 160’ मधले 160 मेगाबाइट हे त्या केबलवरच्या सगळ्या डिस्कचे मिळून आहेत, एकेका डिस्कचे नाहीत. साटाची गंमत वेगळी. 1.5 गिगाबिट भागिले 8 केलं तर 187.5 मेगाबाइट येतात, प्रत्यक्षात हक्काचे मिळतात 150. कारण तारेवर प्रत्येक बाइट दहा बिटांचा होऊन जातो. नुसतं भागाकार करणारं यंत्र इथे 25 टक्के जास्त दाखवतं.

मग मेगा म्हणजे दहा लाख की 10,48,576? आयईसीने 1998 मध्ये मेबी, गिबी ही वेगळी नावं दिली, तरी गोंधळ चालूच आहे. वरच्या दहा मिनिटांच्या फेरीचा डेटा 6.37 गिगाबाइट भरतो, तोच 5.93 गिबीबाइट. साडेतीन इंची फ्लॉपीवरचा ‘1.44 एमबी’ तर दोन्ही पद्धतींत बसत नाही. तो 1.44 गुणिले 1000 गुणिले 1024 आहे! इंटरफेसच्या वेगात मेगा बहुतेक दशमान असतो, फाइलच्या आकारात अनेकदा नसतो. वेगाने आकाराला भागून वेळ काढणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

मराठीत लिहिणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. रोमन लिपीत मोठी बी म्हणजे बाइट आणि छोटी बी म्हणजे बिट, एवढा तरी इशारा मिळतो. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत, त्यामुळे ‘160 एमबीपीएस’ वाचून काहीच कळत नाही, आणि फरक आठ पटीचा आहे. मराठीत लिहिताना मेगाबिट, मेगाबाइट पूर्णच लिहा ना भाऊ, शाई थोडीच संपते.

तक्ते अगदीच टाकाऊ नाहीत. किलोबिटचे मेगाबाइट करायला मीही वापरतो. पण प्रयोगशाळेत जुन्या संगणकाला जोडलेलं उपकरण असेल, त्याचं सॅम्पलिंग वाढवायचं असेल आणि ‘डिस्क हा वेग पेलेल का’ असा प्रश्न असेल, तर तक्ता बंद करा. सॅम्पल प्रतिसेकंद, गुणिले चॅनेल, गुणिले प्रति सॅम्पल बाइट, एवढं कागदावर मांडा. मग त्याच डिस्कवर सलग दहा मिनिटं तेवढ्या वेगाने मोठी फाइल लिहून पहा. सुरुवातीचे काही सेकंद धरू नका, ते कॅशचे असतात. प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात हा मोजलेला आकडा द्या आणि इंटरफेसचं नाव त्याच्या शेजारी वेगळं लिहा. मौखिक परीक्षेत परीक्षक त्यावरच बोट ठेवतात.