रिकामे सर्वनाम : एका लघु व्हिडिओ-खेळाचा आस्वाद

ज्या व्हिडिओ-खेळात पात्र समोर दिसत नाही, पात्राच्या डोळ्यांनी केवळ जग दिसते, त्यास 'फर्स्ट-पर्सन' खेळ म्हणतात. 'प्रथमपुरुषी' हा त्याचा सहज सुचणारा पर्याय होय. तथापि तो निःशंकपणे योजता येत नाही. मराठी व्याकरणात प्रथमपुरुष म्हणजे 'मी'. पाणिनीय परंपरेत मात्र प्रथमपुरुष म्हणजे 'तो', आणि 'मी' हा उत्तमपुरुष. हा केवळ संज्ञेचा घोटाळा नव्हे. अशा खेळाच्या आस्वादाचे मर्म या घोटाळ्यातच दडलेले आहे.

महाराष्ट्राच्या सीमेलगत, वापीनजीकच्या चला येथील स्टुडिओ ओलिओमिंगसने २०१८ साली प्रसिद्ध केलेला 'अ म्यूझियम ऑफ ड्यूबियस स्प्लेंडर्स' हा खेळ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एका बैठकीत तो संपतो. त्यात शत्रू नाही, गुण नाहीत, जयपराजय नाही. एका काल्पनिक गुजराती लेखकाच्या म्हणून सांगितलेल्या कथा वाचीत संग्रहालयाच्या दालनांतून हिंडावयाचे, एवढेच. भडक तरीही तोललेली रंगसंगती आणि परिचित वस्तूंचे अपरिचित आकारमान यांमुळे दृष्टी पदोपदी खिळते.

या आनंदास 'तादात्म्य' म्हणणे सोपे आहे, परंतु ते अपुरे ठरते. कारण ज्याच्याशी तद्रूप व्हावे असे पात्रच येथे नाही. कार्ल ब्यूलरने १९३४ साली 'मी-येथे-आता' यांस भाषिक निर्देशाचा आरंभबिंदू मानले. 'मी' हे कोणाचे नाव नव्हे. जो बोलेल त्याचे ते स्थान. प्रस्तुत खेळ हे स्थान रिकामे ठेवतो, आणि जो येईल त्याने ते आपल्या दृष्टीने भरावयाचे असते.

मंद्रूपच्या वाचकास ही रचना परकी वाटू नये. दक्षिण सोलापूर तालुक्यातच, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा, मराठी शिलालेख आहे. वाचील तो विजयी होईल, असे आश्वासन तो देतो. त्यातील 'तो' कोण? तुळईखाली उभा राहून अक्षरे लावणारा प्रत्येक जण. शिलालेखातील 'तो' आणि खेळातील अनुच्चारित 'मी' ही दोन्ही आगंतुकासाठी राखलेली आसने आहेत.

उणीव आहे ती भाषेची. गुजराती मूळ कल्पिलेल्या या कथा खेळणाऱ्याच्या हाती इंग्रजीतून येतात. भाषांतराचा आभास हा कृतीच्या आशयाचाच भाग असल्याने तिचे समर्थन करता येईल. तरीही मराठी-कानडीच्या सीमेवर वाढलेल्या विद्यार्थ्याचा डोळा त्या दालनात निर्वेध शिरतो आणि जीभ मात्र उंबरठ्यावर थबकते. रिकाम्या 'मी'चे आसन सर्वांसाठी असेल, तर तेथवर जाणारी वाटही सर्वांची असावयास हवी. कुडलच्या लेखकाने हजार वर्षांपूर्वी लोकांची भाषा निवडली, ती याच जाणिवेचा पुरावा मानता येईल.