खारा वारा, अक्रोडाचे गज

कॉम्प्युटर जुळवणाऱ्याच्या यादीत कॅबिनेट बहुधा तळाशी असतं. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅमवर पैसे ओतून झाले की उरल्यासुरल्यात ‘आरजीबीवालं काहीतरी’ घ्यायचं, असा एकूण व्यवहार. खरं तर त्या यादीत सगळ्यांत जास्त वर्षं घरात राहणारी वस्तू तीच. इंटेलने 1995 साली एटीएक्सची मापं ठरवून दिली आणि 305 बाय 244 मिलिमीटरचा मदरबोर्ड आजही त्याच भोकांवर, त्याच पितळी स्टँडऑफवर बसतो. आतलं सगळं दोनदा बदललं तरी पेटी तीच राहू शकते. इतका काळ सोबत राहणाऱ्या वस्तूकडे जरा निवांत पाहायला हवं. त्यातून आपण वसई-विरारचे, म्हणजे पाहायची नजरही थोडी वेगळी हवी.

रसग्रहणासाठी मी निवडलंय ते स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइनचं ‘नॉर्थ’. ते 2022 च्या अखेरीस बाजारात आलं. पहिल्या नजरेत भरतात त्या त्याच्या दर्शनी बाजूच्या उभ्या लाकडी पट्ट्या. काळ्या नॉर्थला अक्रोडाच्या, पांढऱ्याला ओकच्या. प्लास्टिकवर चिकटवलेला लाकडी रंगाचा कागद नव्हे, खरं लाकूड. या पट्ट्यांमागे बारीक जाळी, जाळीमागे 140 मिलिमीटरचे दोन पंखे. वसई गावातल्या किंवा वाड्यांमधल्या जुन्या घरांत उभ्या लाकडी गजांची खिडकी असते. ती वारा घेते, पण घर उघडं पाडत नाही. नॉर्थच्या दर्शनी बाजूची रचना त्याच जातीची आहे. लाकूड इथे नुसतं शोभेला बसवलेलं नाही. पट्ट्यांमधल्या फटी हाच हवेचा रस्ता आहे, आणि दिसण्याचं काम व श्वासाचं काम एकाच घटकाने केलंय.

याच्या समोर काचेचा पंथ ठेवून पाहावा. तैवानच्या लियान लीने 2018 साली आणलेलं ‘ओ-11 डायनॅमिक’ हा त्या पंथाचा आदर्श. समोर काच, बाजूला काच, आतली प्रत्येक वायर आणि दिवा प्रेक्षकांसाठी मांडलेला. समोरून हवा येतच नाही, ती बाजूने आणि तळातून घ्यायची. ती मांडणीही विचारपूर्वक केलेली आहे आणि पुरेसे पंखे लावले तर उत्तम चालते. पण त्याची नक्कल करणाऱ्या स्वस्त पेट्यांनी काच तेवढी उचलली, हवेचे मार्ग सोडून दिले. समोर पसरट काच, तिच्यामागे बोटभर फट आणि त्या फटीतून हवा ओढण्यासाठी धडपडणारे तीन रंगीत पंखे. दुकानाच्या एसीत हे झकास दिसतं. मे महिन्यात नालासोपाऱ्याच्या वन-आरकेमध्ये त्याची परीक्षा होते.

ती परीक्षा नेमकी कसली, हे आकड्यांत पाहू. कॅबिनेट हवा थंड करत नाही, फक्त बदलते. खोलीत 33 अंश असतील, तर पंख्यांनी कितीही जोर लावला तरी आत 33 च्या खाली काही जाणार नाही. 500 वॅट उष्णता बाहेर न्यायची आणि आतली हवा खोलीपेक्षा 10 अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर सेकंदाला साधारण 40 लीटर हवा आरपार जावी लागते. 140 चा पंखा 120 च्या पंख्यापेक्षा जवळपास 36 टक्के जास्त क्षेत्र व्यापतो, म्हणून तेवढीच हवा तो सावकाश फिरून देतो. सावकाशीची खरी कमाई कानांना कळते: पंख्याचा वेग अर्धा केला की हवा अर्धी होते, आवाज मात्र साधारण 15 डेसिबलने उतरतो. नॉर्थमध्ये मोजके दोनच पंखे आणि तेही मोठे, यामागे हे गणित आहे.

मागच्या बाजूला पंखा दिलेलाच नाही. पुष्कळांना ही कंजुषी वाटते. मला तो आपल्या हवामानात गुण वाटतो. आत ढकलली जाणारी हवा बाहेर ओढल्या जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त असली की पेटीत दाब किंचित वाढतो आणि प्रत्येक फटीतून हवा बाहेरच्या दिशेने निसटते. धूळ मग फटीतून आत शिरत नाही, जाळीवरच अडते. मागे 120 चा एक पंखा जरूर लावावा, पण तो हळू फिरवावा. पावसाळ्यात पीसीआय स्लॉटची मागची एक पट्टी जरी उघडी राहिली, तरी पाल आणि झुरळं आत सहकुटुंब राहायला येतात, हे इथल्या कोणत्याही दुरुस्तीवाल्याला विचारावं.

आता वसईचा खास मुद्दा, वारा. पूर्वेला, नालासोपारा-विरारच्या नव्या टॉवरांच्या पट्ट्यात तो सिमेंटची धूळ आणतो. पश्चिमेला, अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगावकडे तो मीठ आणतो. मिठाचा स्वभाव मिठागरांच्या या तालुक्याला नव्याने सांगायला नको: हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळू लागतं. जुलैत बरणीतलं मीठ ओलं होतं, तेच मदरबोर्डवर बसलेल्या खाऱ्या धुळीचं होतं. कोरडी असताना निरुपद्रवी असलेली ती धूळ वीज वाहून नेणारा पातळ थर बनते. मग पितळी स्टँडऑफवर हिरवट डाग, स्क्रूंच्या डोक्यावर तांबेरा आणि रॅमच्या खाचेत विनाकारण कुरकुर.

यावरचा उपाय मात्र मशीनच्या पोटातच आहे. 28 अंशांची, 85 टक्के आर्द्रतेची हवा आत येऊन 36 अंशांपर्यंत तापली, की पाणी तेवढंच असूनही तिची आर्द्रता 54 टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे चालू असलेला कॉम्प्युटर स्वतःला कोरडा ठेवतो. पावसाळ्यात धोका असतो तो आठवडेच्या आठवडे बंद पडून राहिलेल्या मशीनला. गावी जाणार असाल तर गोष्ट वेगळी, एरवी जून ते सप्टेंबर ते रोज थोडा वेळ चालवावं. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवण्यात अर्थ नाही. जिथून सेकंदाला काही लीटर हवा वाहते, तिथे पुडी किती पाणी पिणार? एसीच्या खोलीत दुसरी काळजी. 28 अंश आणि 85 टक्के या हवेचा दवबिंदू 25 अंशांच्या जरासा वर असतो. 22 अंशांना गार झालेल्या बंद मशीनवर खिडकी उघडून ती हवा सोडली, तर पत्र्यावर थेट दव धरतं.

नॉर्थच्या उणिवा इथेच उघड होतात. त्या लाकडी पट्ट्या कोरड्या, गरम केलेल्या घरांच्या देशात आखल्या गेल्या. आपल्याकडे त्यांच्या फटींत धूळ साचते आणि ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह होतो. तो टाळावा, मऊ ब्रशने झटकाव्यात. पुढे काढून धुता येईल अशी वेगळी गाळणी नाही, जाळी हीच गाळणी. त्यामुळे दर्शनी पॅनेल वारंवार काढणं आलंच. बाजूला काच की जाळी, असा पर्याय मिळतो. ग्राफिक्स कार्ड फार तापणारं असेल तर जाळी. पण समुद्राजवळ राहणाऱ्याने काच घ्यावी, असं माझं मत. इथे काच दिखाऊपणासाठी नको, हवा एकाच, गाळलेल्या दाराने यावी म्हणून हवी.

मापही पाहावं. नॉर्थ 447 मिलिमीटर खोल, 215 रुंद, 469 उंच आहे आणि खोका याहून मोठा. लॅमिंग्टन रोडवरून घेतलं तर ग्रँट रोडला विरार फास्ट थांबत नाही, हे लक्षात ठेवून मुंबई सेंट्रल गाठावं आणि मालडबा पकडावा. संध्याकाळच्या जनरल डब्यात त्या खोक्याला नालासोपाऱ्यापर्यंत कोणी माफ करणार नाही. घरी आणल्यावर पेटी जमिनीवर ठेवू नये. जुलै 2018 मध्ये वसई-विरारच्या किती तळमजल्यांत पाणी शिरलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय जमिनीलगतची हवा धुळीने सर्वांत जड. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष बहुधा कॅबिनेटचा नसतो. जुन्या इमारतीत अर्थिंग नीट नसलं की असं होतं. इलेक्ट्रिशियनला तिसरी पिन तपासायला सांगावं.

देखभालीचं वेळापत्रक आपल्या सणांनी आधीच आखून दिलंय. पाऊस लागण्याआधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा पेटी उघडावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंगला मार बसतो. वीजपुरवठ्याच्या तळाची जाळी विसरू नये, तिथे धुळीची गोधडी तयार होते. देवघर आणि शेगडी या दोन्हींपासून मशीन दूर असावं. उदबत्तीची काजळी आणि बोंबील तळल्याचं तेल, दोन्ही धुळीला चिकट करतात.

एवढं सगळं पाहिल्यावर नॉर्थबद्दल माझा निकाल असा: ते देखणं आहे, पण त्याचं मोठेपण लाकडात नाही. हवेला सरळ रस्ता देणं आणि तो रस्ता सहज साफ करता येणं, या दोन गुणांपुढे अक्रोड दुय्यम ठरतं. हे दोन गुण पुष्कळ कमी किमतीच्या, साध्या जाळीच्या पेटीतही सापडू शकतात. म्हणून दुकानात गेल्यावर दिवे लावून दाखवा असं म्हणू नये, दर्शनी पॅनेल काढून दाखवा म्हणावं. ते स्क्रूड्रायव्हरशिवाय निघालं आणि मागे मोकळी जाळी दिसली, तर मग किंमत विचारायची.