नंदू नाटेकर आणि आपण चाहते

गेल्या दिवाळीत माझा नातू नागपूरहून सावलीला आला तेव्हा घरातला धान अजून शेतातच होता, आणि बाहेर गावात झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक लागू लागले होते. अभियांत्रिकी शिकणारा हा मुलगा रॉजर फेडररचा भक्त आहे. भक्त हाच शब्द बरोबर. कारण ज्याने २०२२ सालीच खेळणे सोडले त्याचे जुने सामने हा पोरगा रोज रात्री पोथी लावल्यासारखा पाहतो. त्या वर्षीच्या सप्टेंबरात लंडनला फेडरर शेवटचा सामना खेळला तो दुहेरीचा, आणि जोडीदार कोण, तर जन्मभराचा प्रतिस्पर्धी नदाल. सामना ते हरले. मग दोघे शेजारी बसून, एकमेकांचा हात धरून रडले. तो फोटो नातवाने मला दाखवला आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते की नाही हे त्याला पाहावयाचे होते.

मी म्हटले, "असली माणसे आमच्याकडेही होती बरे. आमचे नंदू नाटेकर होते."

"ते बॅडमिंटनवाले?"

"तेच. फार सज्जन माणूस. निगर्वी, हसतमुख. जिंकले तरी आवाज चढला नाही."

पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आबाजी, ते सज्जन होते हे कळलं. पण खेळायचे कसे?"

मला उत्तर देता आले नाही. साठ वर्षे ज्या माणसाचे नाव मी देव्हाऱ्यातल्या नावासारखे घेत आलो, तो खेळत कसा असे हे मला सांगता येईना. हा लेख त्या फजितीतून निघाला आहे.

नाटेकर २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात वारले तेव्हा मी एका स्थानिक साप्ताहिकात चार परिच्छेदांचा मृत्युलेख लिहिला होता. त्या रात्री तो कपाटातून काढला आणि दुसऱ्याचा म्हणून वाचला. टीका करावयाचीच तर ती घरापासून सुरू केलेली बरी. लेखात आकडे होते, आणि ते बरोबर होते: जन्म १२ मे १९३३, सांगली, राष्ट्रीय एकेरीची सहा विजेतेपदे, १९५६ साली क्वालालंपूरची सेलंगोर स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू, १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच तुकडीतला मानकरी. आकडे संपले की विशेषणे सुरू होत होती. ऋजू, मृदुभाषी, निगर्वी, प्रसिद्धीपराङ्मुख, जमिनीवर पाय असलेला. मी एक गंमत करून पाहिली. आकड्यांवर बोट ठेवून झाकले आणि नाटेकरांच्या जागी आमच्या गावातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचे नाव घालून लेख मोठ्याने वाचला. एक अक्षर बदलावे लागले नाही! ज्या लेखात रॅकेट धरणारा माणूस आणि छडी धरणारा माणूस यांची अदलाबदल होऊ शकते, तो लेख दोघांचाही अपमान करतो.

यात मी एकटा नाही, हे समाधान फार लंगडे आहे. पण खरे आहे. आपल्याकडे निवृत्त खेळाडूवर जे लिहिले जाते त्यात खेळ पहिल्या परिच्छेदातच उरकतो आणि मग चारित्र्याचा सत्कार सुरू होतो. जणू त्या माणसाने पंधरा-वीस वर्षे घाम गाळला तो केवळ पुढे सज्जन म्हणून मिरवता यावे यासाठीच! आमची झाडीपट्टीची प्रेक्षकमंडळी आमच्यापेक्षा शहाणी म्हणावयाची. रात्रभर चालणाऱ्या नाटकात एखादा थकलेला नट उभा राहतो, त्याचा आवाज चिरतो, तरी लोक शिट्ट्या मारतात. पण पहाटे घरी परतताना तेच लोक अमुक पद तो पूर्वी कसे उचलत असे, कुठे थांबत असे, हे गाऊन दाखवतात. त्यांच्या प्रेमाला आठवण असते. माझ्या प्रेमाला आठवण कुठे होती?

ती नव्हती, कारण मी नाटेकरांना खेळताना कधी पाहिलेच नाही. १९६१ साली मी दहा वर्षांचा होतो. थोरला भाऊ नागपूरला वसतिगृहात राही. तिथल्या मुलांकडून त्याने नाटेकर ऐकले, आणि त्याच्याकडून मी. त्याने सुट्टीत एक जुनी लाकडी रॅकेट आणली. ती चौकटीत घालून चारी कोपऱ्यांचे स्क्रू पिळून ठेवावी लागे, नाहीतर पावसाळ्यात पापडासारखी वाकायची. जाळी विकत कोण देणार? तलावावरच्या धिवराकडून मासे धरण्याच्या जाळ्याचा एक फाटका तुकडा मागून आणला आणि खळ्यावर दोन बांबूंना बांधला. वारा पडलेला असे तेव्हा, म्हणजे हिवाळ्यात भल्या सकाळी, आम्ही खेळत असू. वर्तमानपत्रातला नाटेकरांचा एक फोटो दादाने कपाटाच्या दाराला आतून डकवला होता. हात वर गेलेला, पाय जमिनीपासून सुटू पाहणारे, आणि चेहरा मात्र विलक्षण शांत. माझी सगळी भक्ती त्या एका फोटोवर उभी होती. त्यात फूल दिसत नव्हते. ते चौकटीबाहेर राहिले होते. आता वाटते, माझ्या पुढच्या सगळ्या कौतुकातही ते बाहेरच राहिले.

तेव्हा नातवाच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे भाग होते. ज्यांनी पाहिले त्यांचे लिहिलेले वाचले, आणि जे हाती लागले त्याने मी चकित झालो. नाटेकरांचा खेळ दांडगाईचा नव्हता. तो मनगटाचा, नाजूक जागा साधण्याचा होता. प्रतिस्पर्ध्याला एक दाखवावे आणि दुसरे करावे, ही त्यांची खासियत. बॅडमिंटनचे फूल म्हणजे सोळा पिसांचे, जेमतेम पाच ग्रॅमचे प्रकरण. रॅकेटवरून सुटताना ते गोळीसारखे निघते आणि लगेच हवेत अडखळते. म्हणून एकाच हालचालीतून दोन गोष्टी काढता येतात. हात तोच, खांदा तोच, झेपही तीच. शेवटच्या क्षणी मनगट ढिले सोडले की जोराचा फटका न निघता फूल जाळीच्या कडेवरून पलीकडे गळून पडते. समोरचा बिचारा दोन पावले मागे सरलेला असतो. याला ड्रॉप म्हणतात. मराठीत त्याला सरळ फसवणूक म्हणावे!

आणि इथेच मला आमच्या सगळ्या गौरवलेखांतली मुख्य चूक सापडली. आम्ही ज्याला 'सरळ माणूस' म्हणून हार घातले, त्याची सारी कला वाकडेपणाची होती. मैदानात हा गृहस्थ पक्का ठकसेन. डोळ्यांनी खोटे बोलावयाचे, खांद्याने खोटे बोलावयाचे, आणि रेषा मात्र एका केसानेही ओलांडावयाची नाही. त्यांच्या सौजन्याची गंमत या दोन गोष्टी एका माणसात राहण्यात आहे. ज्याला फसवता येत नाही त्याच्या सरळपणाचे काय एवढे कौतुक? आम्ही चाहत्यांनी सरळपणा ठेवून घेतला आणि ठकसेन काढून टाकला. मग उरला तो मुख्याध्यापक.

त्या काळच्या गुणपद्धतीचाही विचार करावयास हवा, कारण आजच्या मुलांना ती ठाऊक नाही. आज कोणीही फूल पाडले तरी गुण मिळतो. ही पद्धत २००६ सालची. तेव्हा ज्याच्या हाती सर्व्हिस असे त्यालाच गुण मिळे. दुसऱ्याने अप्रतिम फटका मारला तरी त्याच्या पदरी फक्त सर्व्हिस यावयाची. म्हणजे सुंदर खेळत राहावे आणि फळ्यावरचा आकडा हलू नये, हे नित्याचेच. शांत चेहऱ्याचा तो फोटो मी आता या हिशेबाने पाहतो. ती शांतता जन्मजात होती की कमावलेली, हे फोटो सांगत नाही. पण असल्या खेळात ती कामाची खासच होती.

नाटेकरांचा हिशेब घेऊन बसलो तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. १९५१ ते १९६३ या काळात थॉमस कपात ते सोळा एकेरी सामने खेळले आणि बारा जिंकले. सोळा दुहेरी खेळले, आठ जिंकले. माझ्या लेखात बारा होते. उरलेले चार नव्हते. दुहेरीतले हरलेले आठ तर मी वाऱ्यावरच सोडले होते. आता सांगा, माणूस सज्जन आहे की नाही याची परीक्षा त्या बारांत झाली असेल की या बारांत? जिंकल्यावर हसून हात मिळवणे कोणालाही जमते. टेनिसच्या इतिहासात १९३५ साली जर्मनीच्या फॉन क्रामने डेव्हिस कपाच्या दुहेरीत, विजय एका गुणावर आलेला असताना, चेंडू आपल्या रॅकेटला निसटता लागला हे स्वतः होऊन पंचांना सांगितले. तो गुण गेला, पुढे सामनाही गेला. या गोष्टीला साल आहे, ठिकाण आहे, आणि मुख्य म्हणजे किंमत आहे. आमच्याकडे मात्र असल्या गोष्टी संतचरित्रातल्या चमत्कारांप्रमाणे एका नावावरून दुसऱ्या नावावर जातात. दादा नाटेकरांची म्हणून जी गोष्ट सांगे, तीच पुढे मी दुसऱ्या दोघा खेळाडूंची म्हणून ऐकली. मी ती माझ्या लेखात घातली नव्हती, एवढेच माझ्या बाजूने म्हणता येईल.

हरण्याचीच गोष्ट निघाली तर नाटेकरांची जी पहिली मोठी हार आहे ती टेनिसमधली. हे फारसे कोणी सांगत नाही! १९५१-५२ साली कुमारांच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते रामनाथन कृष्णनकडून हरले. हे कृष्णन म्हणजे १९५४ साली विम्बल्डनचे कुमार विजेतेपद मिळवणारे, आणि १९६० व १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचलेले. त्या हारीनंतर नाटेकरांनी टेनिस सोडले आणि बॅडमिंटन धरले. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने आपली जागा ओळखून खेळ बदलावा आणि चार-पाच वर्षांत दुसऱ्या खेळात देशाला पहिले आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवून द्यावे, हे मला त्यांच्या शंभर नम्रतांपेक्षा मोठे वाटते. टेनिसही त्या घरात परत आले, ते मुलाच्या रूपाने. गौरव नाटेकर १९९४च्या हिरोशिमा एशियाडमध्ये सुवर्णपदक विजेत्या भारतीय टेनिस संघात होते, आणि १९९६ साली त्यांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला.

नातवाच्या देवाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. फेडररची सभ्यता ही जन्माबरोबर आलेली नव्हे. कोवळ्या वयात हा मुलगा मैदानात रॅकेटी आपटून फोडत असे. २०२४ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांपुढे बोलताना त्यानेच हिशेब मांडला: १५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के त्याने जिंकले, पण गुण मात्र एकूण चोपन्न टक्केच. म्हणजे जगातला सर्वात देखणा खेळणारा माणूस जवळजवळ निम्म्या वेळा हरत होता. हे मी नातवाला ऐकवले तर तो म्हणाला, "हे मला माहीत आहे, आबाजी. मी ते भाषण तीनदा ऐकलंय." या पिढीचे चाहते आमच्याहून बरे आहेत. त्यांनी देव केला आहे, पण देवाचे हरलेले गुणही मोजून ठेवले आहेत. आमच्याजवळ मोजावयाला चित्रफिती नव्हत्या, ही सबब मी स्वतःसाठी राखून ठेवतो. ती पुरेशी नाही हेही जाणतो.

सावलीच्या माणसाने भक्तीविषयी लिहावे आणि १९३६ साल आठवू नये, हे शक्य नाही. त्या वर्षी गांधी सेवा संघाचे अधिवेशन आमच्या गावात भरले होते. गांधीजी स्वतः आले होते, आणि आपल्या अनुयायांच्या भर सभेत त्यांनी सांगितले की गांधीवाद म्हणून काही नाहीच, मला मागे पंथ ठेवावयाचा नाही. ऐकणाऱ्यांनी ते भक्तिभावाने ऐकले असणार, आणि तिथेच घोटाळा आहे! मोठा माणूस नम्रपणे 'माझी पूजा करू नका' म्हणतो, आणि आपण त्या नम्रतेचीच मूर्ती करून बसवतो. मग तो काय करीत होता, कसे करीत होता, हे विचारण्याची गरजच उरत नाही. मूर्तीला हार घालावयाला बुद्धी लागत नाही. ड्रॉप समजून घ्यावयाला थोडी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सून अंगणात सडा घालून रांगोळी काढून आत गेल्यावर, नातवाने दोरी बांधली. त्याची रॅकेट नव्या जातीची, हातात घेतली तर आहे की नाही असे वाटावे अशी. मी म्हटले, "बघ आता, नाटेकर कसे खेळायचे ते." पहिले फूल दोरीत गेले. दुसरे तुळशीवृंदावनावर. चौऱ्याहत्तर वर्षांचा खांदा वर जाईपर्यंत पोरगा जांभई देऊन घेत होता. तिसऱ्या वेळी मी सगळा जीव एकवटून हात उगारला, अगदी घर पाडायला निघाल्यासारखा. तो मुकाट्याने दोन पावले मागे गेला. मनगट कसे ढिले पडले ते मला ठाऊक नाही. फूल दोरीवरून पलीकडे गळले.

"हे काही खरं नाही, आबाजी," तो म्हणाला.

"आत पडलं की बाहेर?"

तो वाकला. रांगोळीच्या पांढऱ्या रेघेशी त्याने बराच वेळ पाहिले. माझ्या जागेवरून मला काहीच दिसत नव्हते.

"आत," तो म्हणाला, आणि फूल उचलून माझ्याकडे फेकले.