सूचकाविना नामनिर्देशन : विमाननिर्मिती कंपन्यांतील एका समितीच्या भाषेविषयी

‘नामनिर्देशन’ या शब्दाशी मराठी माणसाचा परिचय मुख्यतः निवडणुकीच्या निमित्ताने होतो. सहकारी संस्थेच्या निवडणुकीत उमेदवाराच्या नावाबरोबर सूचकाचे व अनुमोदकाचे नाव आणि सही लागते. ती नसेल तर छाननीत अर्ज बाद होतो. नाव सुचविणाराचे नाव प्रकट असणे हे तेथे त्या क्रियेच्या वैधतेचेच अंग मानले गेले आहे. हाच शब्द कंपनी कायद्याच्या वाटेने उद्योगक्षेत्रात गेला, तेव्हा मात्र त्याच्यामागचा हा कर्ता गळून पडला. ही गळती हाच प्रस्तुत टिपणाचा विषय होय. भाषेच्या अभ्यासकाने कंपन्यांच्या कारभारात का डोकवावे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर पुढे विमानांच्या प्रकरणात येईलच.

आपल्याकडील २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १७८ व्या कलमाने विशिष्ट वर्गातील कंपन्यांना ‘नामनिर्देशन व पारिश्रमिक समिती’ नेमणे बंधनकारक केले. समितीत किमान तीन बिगर-कार्यकारी संचालक असावेत आणि त्यांपैकी निम्म्याहून कमी नसतील इतके स्वतंत्र संचालक असावेत, असा दंडक आहे. नोंदणीकृत कंपन्यांच्या बाबतीत सेबीने हे प्रमाण १ जानेवारी २०२२ पासून दोन-तृतीयांश केले. नवीन संचालकाचे नाव भागधारकांपुढे येते ते ‘समितीच्या शिफारशीवरून’ या शब्दांनी. समितीतील कोणी प्रथम ते नाव उच्चारले, कोणाच्या ओळखीतून ते आले, याचा वाक्यात मागमूस नसतो. उलट, सामान्य भागधारकाने स्वतः एखादे नाव सुचवावयाचे ठरविले, तर त्यास १६० व्या कलमान्वये एक लाख रुपयांची अनामत भरावी लागते. समितीने शिफारस केलेल्या उमेदवारास ती माफ आहे. ज्याचे नाव उघड, त्याने पैसे भरावयाचे, आणि ज्याचे नाव झाकलेले, त्याने काहीच नाही, अशी ही विलक्षण व्यवस्था आहे.

अमेरिकेतील नियमकर्त्यांना ही अडचण काहीशी जाणवलेली दिसते. तेथील रोखे व विनिमय आयोगाने २००३ मध्ये असा नियम केला की, नव्या उमेदवाराचे नाव कोणत्या वर्गातील व्यक्तीकडून आले ते कंपनीने सांगावे : भागधारकाकडून, बिगर-कार्यकारी संचालकाकडून, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडून, की शुल्क घेऊन माणसे शोधणाऱ्या बाहेरच्या संस्थेकडून. सूचक येथे परत आला खरा, पण जातिवाचक नामाच्या रूपाने. विशेषनाम अद्यापि गुप्तच. तरीही एवढी प्रगती आपल्या नियमांत झालेली नाही, हे नमूद करणे प्राप्त आहे.

सूचकापेक्षाही गंभीर प्रश्न उमेदवाराच्या वर्णनाचा आहे. सेबीच्या नियमांनुसार संचालक मंडळाला कोणती कौशल्ये आवश्यक आहेत आणि ती कोणत्या संचालकांपाशी आहेत, याचा तक्ता अहवालात द्यावा लागतो. अमेरिकन कंपन्याही असे तक्ते स्वतःहून छापतात. उभ्या रकान्यांत संचालक, आडव्या ओळींत ‘वित्त’, ‘जागतिक व्यापार’, ‘विमानउद्योगाचा अनुभव’, आणि चौकटींत खुणा. या शेवटच्या पदाचे व्याकरण पाहावे. ‘विमानउद्योगाचा’ ही षष्ठी कोणता संबंध सांगते? पाणिनीने षष्ठीकडे ‘शेष’ संबंध सोपविले, ते ती वाटेल तो संबंध पोटात घेऊ शकते म्हणूनच. विमानाचा आराखडा करण्याचा अनुभव, करणाऱ्यांवर देखरेखीचा अनुभव, विमानांच्या विक्रीचा, त्यांच्या हिशेबाचा, ती विकत घेणाऱ्या सरकारी खात्यातील अनुभव : हे सारे एकाच षष्ठीत आणि एकाच खुणेत बसतात. खूण खोटी नसते. ती काय सांगत नाही, एवढाच प्रश्न असतो.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नव्हे, हे बोइंगच्या उदाहरणावरून कळते. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात या कंपनीची ७३७ मॅक्स विमाने कोसळून अनुक्रमे १८९ आणि १५७ माणसे मृत्यू पावली. तोवर संचालक मंडळाची विमानसुरक्षेसाठी अशी स्वतंत्र समितीच नव्हती. ती २०१९ मध्ये, दोन्ही अपघातांनंतर स्थापन झाली. संचालकांची नावे ठरविण्यासाठी मात्र समिती पूर्वीपासून होती. भागधारकांनी डेलावेअरच्या न्यायालयात लावलेला दावा सप्टेंबर २०२१ मध्ये, संचालकांच्या देखरेखीच्या मुद्द्यावर पुढे चालविण्यास पात्र ठरला. त्याची तडजोड २३ कोटी ७५ लक्ष डॉलरांवर झाली, तीही दोष मान्य न करता. आमच्या दृष्टीने रकमेपेक्षा तडजोडीतील एक अट अधिक बोलकी आहे. विमानविद्या, अभियांत्रिकी वा उत्पादनसुरक्षेची देखरेख यांपैकी एखाद्या क्षेत्रातील अनुभव असलेला आणखी एक संचालक मंडळावर घ्यावा, असे त्या अटीत लिहून घ्यावे लागले. जे समितीने आपल्या वर्णनात आधीच लिहावयाचे, ते वादीच्या वकिलांनी लिहविले!

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जानेवारी २०२० मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी झालेले डेव्हिड कॅल्हून २००९ पासून याच मंडळावर होते, आणि त्यापूर्वी जनरल इलेक्ट्रिकच्या विमान-इंजिन विभागाचे ते प्रमुख होते. त्यांचे पदवीशिक्षण हिशेबशास्त्राचे. त्यांच्या नावापुढे ‘विमानउद्योगाचा अनुभव’ अशी खूण करणे यथार्थच ठरले असते. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या जागी आलेले केली ऑर्टबर्ग हे यंत्र-अभियंते. तीच खूण त्यांनाही लागू. पदवीने सर्व काही ठरते असे आमचे म्हणणे नाही; अभियंत्यांनी चालविलेल्या कंपन्याही चुकलेल्या आहेत. परंतु ज्या तक्त्यात ही दोन माणसे एकसारखी दिसतात, तो निवडीचे साधन म्हणून अपुरा आहे, एवढे निश्चित.

मग असे तक्ते भरणारी समिती कोणातून भरावी? ती संचालक मंडळातूनच नेमली जाते, आणि मंडळात कोण यावे हे बहुधा तीच सुचविते. या वर्तुळाला बाहेरून छेद देणारे काही नाही. म्हणून विमाननिर्मितीच्या वा अवजड यंत्रांच्या कंपनीत या समितीवरील किमान एक सभासद असा असावा की, ‘अनुभव म्हणजे नेमके काय केले?’ हा प्रश्न विचारून त्याच्या उत्तराची पारख त्याला करता येईल. त्याच्या निवडीच्या टिपणात नामांऐवजी क्रियापदे असावीत : कोणते यंत्र तपासले, कोणत्या आराखड्यावर सही केली, कोणते उत्पादन थांबविले. ही सूचना एखाद्यास शाळामास्तरी वाटेल, वाटो.

हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या बाबतीत तर शब्द आणि क्रिया यांची फारकत पूर्ण झाली आहे. ओझर येथे सुखोई विमाने बांधणारी ही कंपनी २०१८ पासून शेअरबाजारात नोंदलेली असल्याने तिला अशी समिती ठेवावीच लागते. परंतु तिचे संचालक नेमण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा, म्हणजे व्यवहारतः सरकारचा आहे, आणि ५ जून २०१५ च्या अधिसूचनेने सरकारी कंपन्यांना संचालकांच्या निवडीपुरते १७८ व्या कलमातील संबंधित तरतुदींतून वगळले आहे. समितीच्या नावात ‘नामनिर्देशन’ आहे. संचालकांचे नाव निर्देशिले जाते ते दुसरीकडे. तेथील सूचक कोण, हे अहवालाच्या वाचकाला ‘भारत सरकारच्या आदेशान्वये’ या एका तृतीयान्त पदापलीकडे कळत नाही.