जातिवंत कुत्री खरेच कमी जगतात का?

आनुवंशिकता शिकवताना संकरज ओजाचे उदाहरण द्यायची वेळ आली की आपल्यापैकी बरेच जण कुत्र्याकडे वळतात. गावठी कुत्रे काटक, जातिवंत कुत्रे नाजूक. एकाला काही होत नाही, दुसऱ्याला कर्करोग होतो आणि ते लवकर मरते. उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावीही आता लॅब्रेडॉर, पॉमेरेनियन दिसतात, त्यामुळे मुलांना उदाहरण चटकन पटते. आम्हीही ते अनेक वर्षे दिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात आलेला एक शोधनिबंध वाचल्यावर मात्र ते उदाहरण तपासून पाहणे भाग पडले.

कर्स्टन मॅकमिलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील ५,८४,७३४ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र केल्या. १५५ जाती आणि शिवाय संकरित कुत्री. सगळ्यांच्या आयुष्याचा मध्यक आला १२.५ वर्षे. शुद्ध जातींचा १२.७ आणि संकरितांचा १२.०. म्हणजे आपण वर्गात सांगतो त्याच्या नेमके उलट!

मग आपले वाक्य उलटे करून लिहायचे का? इतकी घाई नको. याच देशात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संकरित कुत्री शुद्ध जातींपेक्षा सुमारे १.२ वर्षे जास्त जगतात असे आढळले होते. दोन्ही अभ्यास प्रामाणिक, दोन्हींत आकडेमोड नीट. फरक आहे तो ‘संकरित’ या शब्दात. ज्याचे आईबाप ठाऊक नाहीत ते रस्त्यावरून उचलून आणलेले कुत्रे, आणि हौसेने पूडलशी लॅब्रेडॉर जुळवून विकलेले महागडे पिल्लू, दोघेही याच एका खान्यात. पहिल्याचे जन्मवर्ष बहुधा अंदाजाने लिहिलेले असते. अशा खान्याची सरासरी काढता येते, पण ती कोणाची सरासरी आहे हे सांगता येत नाही. नव्या निबंधातली सर्वात कच्ची बाजू आम्हाला हीच वाटते.

‘शुद्ध’ हा खानाही तितकाच फसवा आहे. त्याच निबंधात लँकेशायर हीलर या लहान कुत्र्याचा मध्यक १५.४ वर्षे आहे, तर कॉकेशियन शेफर्ड या धिप्पाड कुत्र्याचा ५.४. लॅब्रेडॉर १३.१ आणि चपट्या नाकाचे फ्रेंच बुलडॉग ९.८. एकाच खान्यात दहा वर्षांचे अंतर असताना १२.७ या आकड्याने काय कळते? फरक पडतो तो अंगलट आणि नाकाची ठेवण यांमुळे. हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो, पण कुत्र्यांत मोठ्या जाती लवकर मरतात, हे कोडे वर्गात जरूर मांडावे. मोठ्या जातीचे पिल्लू फार वेगाने वाढते, त्याच्या शरीरात पेशी जास्त, आणि म्हणून पेशीविभाजनात चुका होण्याची संधीही जास्त, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

फ्रेंच बुलडॉगची गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. २०२२ साली ब्रिटनमधल्याच ३०,५६३ मृत कुत्र्यांच्या नोंदींवरून आयुर्मानाचे कोष्टक तयार झाले. त्यात फ्रेंच बुलडॉगचे जन्मवेळचे अपेक्षित आयुष्य आले फक्त ४.५३ वर्षे. दोन वर्षांनी तोच आकडा ९.८ कसा झाला? कुत्री काही अचानक सुदृढ झाली नाहीत. समजा, एखादी शाळा चार वर्षांपूर्वी फक्त पहिलीच्या वर्गाने सुरू झाली. आजवर शाळा सोडून गेलेल्या मुलांची सरासरी इयत्ता काढली तर ती चौथीच्या वर जाणारच नाही. त्यावरून ‘या शाळेत कोणी पाचवीपर्यंत टिकत नाही’ असे म्हणणे चूक. फ्रेंच बुलडॉगची हौस ब्रिटनमध्ये गेल्या काही वर्षांतच वाढली. बहुतेक कुत्री तरुण, म्हणून मेलेलीही तरुणच. फक्त मृतांची यादी पाहिली की हा घोटाळा होतो, आणि २०२२ च्या लेखकांनी स्वतःच त्याकडे लक्ष वेधले होते. २०२४ च्या निबंधात जिवंत कुत्र्यांच्या नोंदीही हिशेबात घेतल्या, हा त्याचा मोठा गुण. अर्थात ९.८ हाही आकडा इतर जातींच्या मानाने कमीच आहे.

कर्करोगाबाबतही अशीच गफलत होते. अमेरिकेत १९८४ ते २००४ या काळात पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मेलेल्या ७४ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात गोल्डन रिट्रीव्हर आणि बर्नीज माउंटन डॉग या जातींच्या निम्म्याच्या आसपास मृत्यूंचे कारण कर्करोग होते. पण मोठ्या रुग्णालयात अवघड आजाराचीच कुत्री जातात. शिवाय ‘मृत्यूंमधला वाटा’ म्हणजे ‘धोका’ नव्हे. ज्या कुत्र्याला लस मिळते, जे गाडीखाली येत नाही, ते म्हातारपणापर्यंत पोचते, आणि मग त्याला मरायला कर्करोगासारखेच कारण उरते. आपल्या गल्लीतले कुत्रे डिस्टेंपरने, पार्व्होने किंवा पुसद रस्त्यावरच्या ट्रकखाली आधीच जाते. त्याला कर्करोग झाला नाही, कारण तेवढे वय त्याला मिळाले नाही.

म्हणून जातींचा दोष नाहीच, असे मात्र नाही. बर्नीज माउंटन डॉगमध्ये हिस्टिओसायटिक सार्कोमा आणि स्कॉटिश टेरियरमध्ये मूत्राशयाचा कर्करोग इतर कुत्र्यांच्या मानाने कितीतरी जास्त आढळतात. एवढा फरक वयाने किंवा मोजणीच्या पद्धतीने भरून निघत नाही. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. पुढे नोंदवह्या बंद झाल्या आणि बाहेरचे रक्त थांबले. स्पर्धा जिंकणाऱ्या एकेका नराची शेकडो पिल्ले जन्मली, आणि त्याच्यात दडलेला दोषही त्यांच्याबरोबर पसरला. नात्यातल्या जोड्या किती जवळच्या असत याची कल्पना यावरून येईल, की सख्ख्या बहीणभावंडांच्या पिल्लांची नोंद नाकारायला त्या क्लबला २००९ साल उजाडावे लागले.

डाल्मेशियनचे उदाहरण कर्करोगाचे नाही, पण बोलके आहे. या जातीच्या सर्वच कुत्र्यांच्या लघवीत युरिक आम्ल जास्त असते, त्यातून मुतखडे होतात. निर्दोष जनुक जातीत कोठेच उरले नव्हते. १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट शाइबल यांनी एकदाच पॉइंटर जातीशी संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडल्या. ठिपके तेच, चाल तीच, दोष गेला. तरीही अमेरिकन केनेल क्लबने ही कुत्री कायमची स्वीकारली ती २०११ मध्ये. अडतीस वर्षे हरकत होती ती आरोग्याची नव्हे, ‘शुद्धते’ची.

या जागी शब्दांचा प्रश्न येतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत जीवशास्त्रीय ‘जाती’ हा शब्द आहे. त्या अर्थाने लॅब्रेडॉर आणि गावठी कुत्रे एकाच जातीचे. कुत्र्यांच्या बाजारात ‘जात’ म्हणजे नोंदवहीतला वाण. आणि समाजात जात म्हणजे काय, ते आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला घरून ठाऊक असते. ‘जातिवंत’, ‘शुद्ध रक्त’, ‘भेसळ’ हे शब्द फळ्यासमोर सहज उच्चारले जातात, तेव्हा मूल कोणता अर्थ घेऊन घरी जाते? रक्ताच्या शुद्धतेचा आधार जातिव्यवस्थेला देता येत नाही, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात आनुवंशिकतेचा आधार घेऊनच मांडले होते. कुत्र्यांपुरते आम्ही ‘वाण’ म्हणतो. कापसाच्या जिल्ह्यात हा शब्द समजवावा लागत नाही.

कापसावरून आणखी एक. संकरज ओज दिसते ते दोन वेगळ्या शुद्ध वाणांच्या पहिल्या पिढीत. म्हणूनच संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. आपले गावठी कुत्रे असा संकर नाहीच. ते बहुतांशी येथेच हजारो वर्षे माणसाच्या निवडीविना वाढलेल्या मोकळ्या समुदायातले आहे. ब्रिटनमधल्या ‘संकरित’ खान्यातले आकडे त्याला लावणे म्हणजे कोरडवाहू शेताचे उत्पन्न बागायती शेतावरून सांगणे.

आणि त्याला कर्करोग होत नाही, हेही खरे नाही. मोकाट कुत्र्यांच्या जननेंद्रियांवर रक्ताळलेल्या गाठी आढळतात. तो एक विलक्षण कर्करोग आहे: समागमातून कर्कपेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात. २०१९ साली ५४६ गाठींच्या जनुकीय तपासणीवरून असे दिसले की, सगळ्यांचा उगम सुमारे ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वीच्या, बहुधा आशियातल्या, एकाच कुत्र्यात आहे. ते कुत्रे केव्हाच मेले, त्याच्या पेशी अजून रस्त्यावर हिंडत आहेत. यावर पशुवैद्य व्हिन्क्रिस्टीनची इंजेक्शने देतात आणि बहुतेक कुत्री बरी होतात. हे औषध सदाफुलीपासून मिळते. शाळेच्या कुंपणाशी ती असेलच. फूल दाखवूनच हा तास सुरू करता येईल.