आडनांव आणि वंशशोधन : बीड जिल्ह्यांतील साधनांचें एक परीक्षण

आपला मूळ पुरुष यादवांच्या पदरीं होता, असें सांगणाऱ्या वंशावळी मराठवाड्यांतील पुष्कळ घरांतून जपून ठेविलेल्या आढळतात. कुलवृत्तान्त लिहिणारे गृहस्थ त्यांचाच आधार घेतात आणि आडनांवाचा दोर धरून मध्ययुगापर्यंत चढत जातात. हा दोर किती भार सोसतो, याची परीक्षा मात्र क्वचितच होते. ती बीड जिल्ह्यापुरती करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभ अंबेजोगाईच्या शिलालेखांपासून करणें युक्त होय. यादव राजा सिंघण याचा सेनापति खोलेश्वर हा मुद्गल गोत्राचा ब्राह्मण; त्याचा पुत्र राम गुजराथच्या स्वारींत नर्मदेकांठीं पडला; आणि रामाची बहीण लक्ष्मी हिनें भावाच्या स्मरणार्थ देवालय बांधविलें. शके ११६२ (इ. स. १२४०) च्या लेखावरून हें कळतें. गोत्र आहे, पिता आहे, पुत्र आहे, कन्याहि आहे. नाहीं तें आडनांव. तेव्हां केवळ आजच्या आडनांवाच्या बळावर त्या काळापर्यंत पोहोंचल्याचा दावा करणें म्हणजे नसलेल्या पायरीवर पाय ठेवणें होय. आणखीहि एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. या कुळाची आठवण देवालयाच्या रूपानें राखिली ती एका मुलीनें. आमच्या बहुतेक कुलवृत्तान्तांत मुलींच्या शाखा गाळलेल्या असतात. त्या रीतीनें पाहतां लक्ष्मीला तेथें स्थानच मिळालें नसतें.

आतां आडनांवांच्या उत्पत्तीचा विचार करूं. धारूरकर, गेवराईकर, बीडकर हीं नांवें गांवावरून पडलीं हें उघड आहे. परंतु धारुरांत राहणाऱ्यास धारूरकर कोण म्हणेल ? गांव सोडून परमुलखांत गेल्यावरच तें नांव चिकटतें. म्हणजे ‘कर’ हा प्रत्यय मनुष्यानें कोणतें गांव सोडिलें तें सांगतो. तो कोणाचा कोण, हें सांगत नाहीं. एकाच गांवाहून निघालेलीं चार जातींचीं चार कुळें एकच आडनांव लावूं शकतात. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील हीं तर निव्वळ वतनांचीं नांवें. अंबेजोगाईस येऊन राहिलेले संतकवि दासोपंत (इ. स. १५५१–१६१५) यांचे वडील दिगंबरपंत बेदरच्या पातशाहींत नारायणपेठचे देशपांडे होते. तेथें देशपांडे हा अधिकार होता. त्या शब्दावरून नारायणपेठचें घराणें आणि बीडकडील एखादें देशपांडे घराणें एकाच वंशाचें ठरविणें शास्त्रशुद्ध नव्हे. पुढें इ. स. १८६५ च्या जिल्हाबंदीच्या सुमारास सालारजंग यांनीं देशमुख-देशपांड्यांकडून वसुलीचें काम काढून त्यांस रुसूम बांधून दिले. अधिकार गेला, नांव मात्र मागें उरलें.

हा प्रमाद आमच्याकडेच होतो असें नाहीं. इंग्लंडांत आडनांवें बहुतांशीं बाराव्या ते चौदाव्या शतकांत स्थिर झालीं. तींहि बापाचें नांव, गांव, धंदा किंवा टोपणनांव यांवरूनच. ‘स्मिथ’ म्हणजे लोहार. तो गांवोगांव होता, म्हणून सर्व स्मिथ एका कुळाचे ठरत नाहींत. तेथें चर्चच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी ठेवण्याची आज्ञा इ. स. १५३८ मध्यें झाली. त्यापूर्वींचा शोध मुख्यत्वें जमिनीच्या कागदांवरच चालतो. इ. स. १०६६ मध्यें विल्यम राजाबरोबर आपला पूर्वज आला, असें मिरविणाऱ्या अनेक घराण्यांचे दावे होरेस राउंड (इ. स. १८५४–१९२८) यानें समकालीन सनदांशीं ताडून खोडून काढिले. त्याची कसोटी सोपी होती : प्रत्येक पिढीस त्या काळचा कागद दाखवा, एक दुवा तुटला कीं साखळी तेथेंच संपली.

ही कसोटी आम्हांसहि लावतां येते, कारण वतनाचे कागद आमच्याकडेहि आहेत. मात्र ते पारखून घेतले पाहिजेत. करीना म्हणजे वादी-प्रतिवाद्यांनीं आपल्या हक्कासाठीं सांगितलेली हकीकत. तींतील वंशावळ स्वार्थानें रंगलेली असणें स्वाभाविक आहे. परंतु दोन्ही पक्षांस मान्य असलेल्या पिढ्या, म्हणजे प्रतिपक्षानेंहि न नाकारिलेल्या, बऱ्याच विश्वसनीय होत. महजर, निवाडपत्र, वांटणीपत्र यांतून असे दुवे मिळतात. दुसरी कसोटी गणिताची. इ. स. १२४० पासून आजवर सुमारें ७८५ वर्षें झालीं. पिढीस २५ ते ३० वर्षें धरिल्यास २६ ते ३१ पिढ्या होतात. ज्या वंशावळींत यादवकाळापासून बाराच पिढ्या दाखविल्या असतील, तींत एकेका पिढीस ६५ वर्षें पडतात. आजोबांचें नांव नातवास ठेवण्याच्या चालीमुळें दोन पुरुष एक झाले असावेत, असा संशय तेथें घ्यावा.

शोधाची जागाहि पुष्कळदां चुकते. बीडकडील शोधक पुण्याच्या पेशवे दप्तराकडे धांव घेतात. परंतु हा मुलूख इ. स. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि शहाजहान व औरंगजेब यांच्या वेळचे दक्षिणेंतील मोंगली कागद हैदराबादच्या पुराभिलेखागारांत आहेत. मोडीबरोबर फारसीचा अभ्यास असल्याशिवाय या प्रांताचें वंशशोधन पुरें व्हावयाचें नाहीं.

कुलवृत्तान्तकारांचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. त्यांच्यामुळें कित्येक घरांतील कागद उजेडांत आले. आमची खरी तक्रार संग्राहकांविषयीं, म्हणजे आपणां सर्वांविषयींच आहे. दप्तराचा रुमाल सोडिला कीं आपण शिक्क्याचें फर्मान उचलतों, आणि वांटणीपत्र, कर्जरोखा, हिशेबाचा फाटका बंद बाजूस सारतों. फर्मान एका पुरुषाची प्रतिष्ठा सांगतें. बाप, लेक आणि चुलता एकत्र सांपडतात ते वांटणीपत्रांतच. यास्तव आमची विनंति इतकीच कीं, रुमाल फोडूं नये. कागद ज्या घरांत, ज्या क्रमानें सांपडले तो क्रम टिपून ठेवून सबंध दप्तराची यादी करावी. एकदां विखुरलेला रुमाल पुन्हां बांधतां येत नाहीं, आणि त्याबरोबर तुटलेला दुवा आडनांवाच्या गांठीनें सांधतां येत नाहीं.